चिकटपट्टीखालचा आकडा

"मग पंप बंद करायचा ना, चाचा? सांगा की."



राजश्रीनं वही आणखी पुढं सरकवली. टेबलावर, अगदी मुजावर चाचांच्या हाताशी.

"दिवाळीच्या पाडव्यापासून लिहितेय. सकाळ-संध्याकाळ. एक वेळ चुकवलेली नाही. दिराच्या लग्नात पण फुंकायचं मीटर पिशवीत घेऊन गेले होते. बघा तरी..."

चाचांनी वहीवर हात ठेवला. उघडली मात्र नाही. डोळे मिटले आणि खिडकीकडं कान देऊन बसून राहिले.

खिडकीबाहेरच्या ओट्यावर राजश्रीची मुलगी होती. ईश्वरी. आठ वर्षांची. ओट्याला बांधलेल्या एका शेळीशी तिच्या गप्पा चालल्या होत्या.

राजश्रीला मनातून राग आला. एवढ्या लांबून दोन एसट्या बदलून यायचं आणि समोरच्या माणसानं डोळे मिटून बसायचं. म्हातारपणी डुलकी लागली की काय यांना?

पण तसं म्हणायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच तिला इकडं धाडलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "आकडे छान आहेत. असेच असतील तर पोरीचा दम्याचा रोजचा पंप कमी करत आणू. फक्त खाली मुजावर चाचांकडून एकदा फुंक तपासून आणा. ते हो म्हणाले की माझं पण हो."

एवढी शिकलेली बाई, भिंतीवर तीन-तीन सर्टिफिकिटं लावलेली, आणि तिचा हो या म्हाताऱ्याच्या हो वर अडकलेला.

तर हे मुजावर चाचा. दर्ग्याच्या मागच्या अंगाला ट्रस्टचा दवाखाना आहे, त्यात जिन्याखालची एवढीशी खोली त्यांची. त्यांचे वडील दर्ग्यात ऊद घालायचे. चाचांनी मात्र सगळी उमर सरकारी दवाखान्यात लोकांची फुंक मोजण्यात घालवली. चौतीस वर्षं. सुरुवातीला पाण्याच्या पिंपावरचं यंत्र होतं म्हणे. माणूस फुंकायचा, पिंप हलायचं आणि कागदावर पेननं डोंगर निघायचा. त्या डोंगराचा उतार बघून चाचा ओळखायचे, हा गिरणीतला, हा चुलीपुढचा, हा विडीवाला.

पुढं कॉम्प्युटरचं यंत्र आलं. चाचांनी तेही शिकून घेतलं. पण यंत्र कुठलंही असो, फुंकवून घ्यायला चाचाच लागायचे. "फुंक... फुंक... फुंक... अजून... अजून... अजून आहे पोटात, सोड!" त्यांचा आवाज म्हणे रस्त्यावरच्या रिक्षा स्टँडला ऐकू जायचा. एकदा एक पैलवान आला. दोनदा फुंकला, दोन्ही वेळा कमी आलं, तर यंत्रावरच चिडला. चाचा म्हणाले, "पैलवान, आधी सदऱ्याची बटणं सोडा आणि पोट ढिलं करा. इथं छाती दाखवायची नसती, रिकामी करायची असती." तिसऱ्यांदा कागद कमी पडला.

आता त्यांचा तो आवाज गेला. कुजबुजल्यासारखं बोलतात. आणि गंमत अशी, की माणसं आता जास्तच फुंकतात.

हे सगळं राजश्रीला बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी सांगितलं होतं. ऐकताना तिलाही भारी वाटलं होतं. पण भारी माणसानं वही तर उघडावी!

"चाचा..."

"शू..."

बाहेर ईश्वरी शेळीला सांगत होती, "तू ना... पाला खा. कागद... खाऊ नको. कागदानं... पोटात... दुखतं."

चाचांनी डोळे उघडले.

"पोरगी बोलताना फार थांबते."

"खेळून दमली असंल. सारखी उड्या मारती."

"उड्या मारत नाही. मघापासून एका जागी बसलीय."

 राजश्रीनं स्वतःच वही उघडली आणि त्यांच्या तोंडासमोर धरली.

काय वही होती ती! शाळा सातवीत सुटली, पण राजश्रीचं अक्षर सुटलं नव्हतं. पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, वेळ, आकडा. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, एकशे ऐंशीच्या वर हिरवं, त्याखाली पिवळं, एकशे दहाच्या खाली लाल. पिवळी पेन्सिल कागदावर नीट उठत नाही म्हणून तिनं नारंगी वापरली होती. पहिली पानं नारंगी. मधूनच एखादा लाल ठिपका. आणि शेवटची तीन पानं हिरवीगार. दोनशे दहा. दोनशे तीस. दोनशे चाळीस.

या तीन पानांसाठी तिनं काय नाही केलं? उशा उन्हात घातल्या. चूल परसात नेली. देवापुढची उदबत्ती बंद केली, त्यावरून सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा म्हणाल्या, "पंपाची एकदा सवय लागली की जल्मभर सुटत नाही. मुलीची जात, उद्या पदरात पंप घेऊन नांदायला जाणार होय?" ते राजश्रीच्या काळजात रुतून बसलं होतं. म्हणून हवी होती ही हिरवी पानं. म्हणून हवा होता चाचांचा हो.

"झोपेत खोकते?"

"खोकती थोडी... पण आकडा चांगला येतोय ना."

"शाळेत चालत जाते?"

"जाती. आता जरा मागं राहती पोरींच्या. पण आकडा..."

"आकडा चांगला येतोय," चाचा म्हणाले.

"हो ना!" राजश्री खुलली. त्यांनी आपलंच वाक्य आपल्याला परत दिलं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"बोलव तिला."

ईश्वरी आत आली. स्टुलावर बसली. चाचांनी तिला काही विचारलं नाही. नुसती मनगटावरच्या जुन्या घड्याळावर नजर टाकली आणि मग तिच्या गळ्याकडं. गळ्याखाली, दोन हाडांच्या मधे एक खळगी असते. दर श्वासाला ती आत जात होती, जणू कुणी आतून चिमटीत धरून ओढतंय.

एक मिनिट गेलं.

"छत्तीस," चाचा स्वतःशीच म्हणाले.

"काय छत्तीस?"

"काही नाही. राणी, फुंकून दाखवतेस?"

राजश्रीनं पिशवीतून मीटर काढलं. मीटर म्हणजे वीतभर पांढरी नळी. तोंडात घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदाच, सगळा जोर लावून फुंकायचं. लाल काटा पुढं सरकतो आणि जिथं थांबेल तो आकडा. छातीतल्या नळ्या मोकळ्या असल्या तर काटा लांब जातो. आवळल्या असल्या तर जवळच बसून राहतो.

ईश्वरीनं मीटर तोंडात धरलं. नळीच्या वरून तिचे दोन डोळे आईकडं लागले.

फट्!

दोनशे पन्नास.

"बघितलं?" राजश्रीनं टाळीच वाजवली. "आजचा सगळ्यात जास्त! सांगत नव्हते मी?"

"शाब्बास," चाचा म्हणाले.

त्यांनी काटा मागं सारून शून्यावर आणला आणि खण उघडला. चिकटपट्टीचं रीळ काढलं, जखमेवर लावतात ते. बोटभर लांब तुकडा फाडला आणि मीटरच्या आकड्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चिकटवून टाकला. काटा त्याच्याखाली गडप झाला.

राजश्री बघतच राहिली. असलं काही तिनं कुणाला करताना बघितलं नव्हतं.

"अहो, मग दिसणार कसं?"

चाचा तिच्याशी बोलतच नव्हते. ते ईश्वरीकडं वाकले होते.

"आता फुंक, राणी."

ईश्वरीनं पट्टीवर बोट फिरवलं.

"आता किती आला... ते दिसणार नाही?"

"नाही."

"तुम्हाला पण?"

"मला पण नाही."

"आईला?"

"आईला तर मुळीच नाही."

ईश्वरीनं आईकडं बघितलं. मग पट्टीकडं. मग अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग... खरं फुंकू?"

 बाहेर शेळी ओरडली.

"हो, राणी," चाचा म्हणाले. "खरं फुंक."

पोरीनं श्वास घेतला. खांदे कानांपर्यंत वर गेले. गळ्याखालची ती खळगी खोल गेली. आणि तिनं फुंकलं.

या खेपेला फट् असा आवाज नव्हता. हूऽऽऽ... असा लांबट, बारीक आणि शेवटाला शिट्टीसारखा. त्याच्यामागून खोकला आला. खोकला थांबेना. चाचांनी तिच्या पाठीवर तळहात ठेवला, पण ते बघत होते राजश्रीकडं. सगळा वेळ, टक लावून, राजश्रीच्या तोंडाकडं. तिला अवघडल्यासारखं झालं. फुंकतेय पोरगी आणि हे माझ्याकडं काय बघतात?

खोकला थांबला. चाचांनी पट्टीचं टोक नखानं उचललं आणि हळूच सोलली.

एकशे वीस.

"काटा अडकला असंल," राजश्री घाईनं म्हणाली. "पट्टीमुळं. चिकटला असंल."

"नाही गं आई," ईश्वरी म्हणाली. "खरं फुंकलं की... एवढंच येतं."

"आणि मघाशी? दोनशे पन्नास?"

ईश्वरीनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली.

चाचांनीच विचारलं, "बोराची बी?"

पोरीनं झटकन वर बघितलं. तिला हसू फुटलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"चिंचोका असता तर गाल आणखी फुगले असते."

मग तिनं सगळं सांगितलं, थांबत थांबत. शाळेच्या मागं बोरीचं झाड आहे. मुलं बोरं खातात आणि बिया थुंकतात, कुणाची लांब जाते ते बघायला. सगळ्यात लांब तिची जाते. पाचवीच्या पोरांपेक्षा लांब. जीभ अशी मागं घ्यायची, गाल भरायचे आणि एकदम... फट्! एक दिवस तिनं मीटरमध्ये तसंच करून बघितलं. काटा पळाला.

"छातीतली फुंक नव्हं ती," चाचा राजश्रीला म्हणाले. "नुसती गालातली. काट्याला फरक कळत नाही. त्याला धक्का बसला की तो पळतो."

त्यांनी आता पहिल्यांदा वही जवळ ओढली. पानं उलटली. जिथं नारंगी संपून हिरवं सुरू होत होतं, तिथं बोट ठेवलं.

"तुमच्याकडं बोरं कधी पिकली?"

राजश्रीनं तारीख बघितली. संक्रांतीच्या आधी, बारा-तेरा दिवस.

"झकास वही आहे," चाचा म्हणाले, आणि त्यात चेष्टा नव्हती. "माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी अशी ठेवली नाही कधी. बोरं कधी पिकली तेसुद्धा हिच्यात बरोबर उतरलंय."

राजश्रीला हसावं की रडावं कळेना. चौतीस वर्षं फुंक मोजलेल्या माणसानं वहीला चांगलं म्हटलं होतं. आणि वहीतली शेवटची तीन पानं खोटी होती. अर्ध्या तासानं याच पानांवर रोजचा पंप कमी झाला असता. आणि घरी जाऊन तिनं तो कपाटात वर, अगदी मागं टाकून दिला असता. सासूबाईंना सांगितलं असतं, सुटला बघा. आणि पोरगी एक दिवस शाळेच्या वाटेवर...

"का गं असं केलंस?" तिनं ईश्वरीचा दंड धरला. "मला फसवलंस? मी तुझ्यासाठी मरमर मरते आणि तू..."

"तू जेवत नाहीस."

"काय?"

"आकडा कमी आला... की तू जेवत नाहीस. बाबांना फोन लावतीस... आणि रडतीस. हिरवी पेन्सिल घेतली... की मग जेवतीस."

राजश्रीचा हात सुटला.

 चाचांचं काम चालू होतं. पिशवीतला निळा पंप त्यांनी मागून घेतला, दम लागल्यावर घ्यायचा तो. हलवला. प्लास्टिकच्या मोठ्या डबीला लावला आणि डबीचं तोंड पोरीच्या ओठात दिलं. "सावकाश, राणी. इथं जोर नको. चहा फुंकून पितात ना, त्याच्या उलट. आत... आत... बास. थांब. सोड." असं चार वेळा, मधे मधे थांबून. मग राजश्रीला म्हणाले, "वर जा आणि बाईंना खाली बोलव. पोरीला जिना चढवायचा नाही."

डॉक्टरीणबाई लगेच खाली आल्या. पाठीला कानातली नळी लावून ऐकलं. राजश्रीनं सगळं सांगितलं, अडखळत, पदरानं नाक पुसत. बाई चाचांकडं बघून म्हणाल्या, "मी तर आज पंप कमीच करणार होते."

चाचांनी रीळ खणात ठेवून दिलं.

रोजचा पंप सुरूच राहील, उलट काही दिवस वाढवायचा, असं ठरलं. राजश्रीनं सवयीचं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "चष्म्याची सवय लागते का? डोळ्याला दिसावं म्हणून घालतो आपण." निळा पंप दिल्यावरही बरं वाटलं नाही तर वाट न बघता दवाखान्यात आणायचं, आणि नाहीतर तिसऱ्या दिवशी परत दाखवायचं. त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि त्या वर गेल्या.

वीस मिनिटं झाली होती. ईश्वरी आता न थांबता बोलत होती. शेळीचं नाव काय, ती कुणाची, तिला करडू आहे का, सगळं एका दमात.

चाचांनी काटा मागं सारून मीटर पुढं केलं. पट्टी नव्हती आता.

ईश्वरीनं ते धरलं आणि नळीच्या वरून परत आईकडं बघितलं.

राजश्रीला ती नजर आज पहिल्यांदा दिसली. रोज दोनदा हेच डोळे तिच्याकडं लागलेले असायचे. आणि तिचे डोळे? काट्यावर. तिला एकदम आठवलं, हे मीटर घरात यायच्या आधी ती पोरीच्या पाठीला हात लावून झोपायची. हाताला सगळं कळायचं. मीटर आलं आणि हात कधी निघाला ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

 तिनं नुसती मान हलवली. फुंक.

हूऽऽऽ...

एकशे पासष्ट.

राजश्रीनं वही घेतली. आजची तारीख घातली. सकाळच्या रकान्यात एकशे वीस लिहिलं. खाली एकशे पासष्ट. मग पेन्सिलसाठी पिशवीत हात घातला. ईश्वरी टाचा उंचावून बघत होती, कुठली पेन्सिल निघते ते.

नारंगी निघाली.

राजश्रीनं ठिपका भरला, नीट, कडेच्या बाहेर न जाऊ देता. मग म्हणाली, "भूक लागली का गं? मला तर लागलीय. स्टँडवर भजी खाऊ या."

"तू पण खाणार?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

पोरगी उडी मारून स्टुलावरून उतरली आणि शेळीला सांगायला बाहेर पळाली.

राजश्रीनं वही पिशवीत घातली. चाचांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय मागं घेतले. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"चाचा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही बियांचं ओळखलंत ते गालावरनं, आवाजावरनं. ते कळलं मला. शिकंन मी पण. पण उद्या घरी ती खरं फुंकतीय का खोटं, हे मला कसं कळणार? तुमची नजर मला कुठनं येणार?"

चाचांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले.

"पट्टी लावल्यावर मी तर बघितलंही नाही तिच्याकडं."

"हां, तेच तर!" राजश्री म्हणाली. "पट्टी लावून फुंकत होती तेव्हा तुम्ही सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघत होता. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. फुंकत होती पोरगी... माझ्या तोंडावर काय बघत होता?"

बाहेरून ईश्वरीची हाक आली. लांब, न तुटता.

चाचांनी चष्मा डोळ्यावर चढवला.

"पोरगी बघते तो काटा तिथं होता, बेटी."